लाईन बदलेल तिथे लेक द्यायची नाही

गुलमंडी

माझ्या वडिलांनी भाव न करता काही विकत घेतल्याचं मला आठवत नाही. कोथिंबिरीच्या जुडीपासून माझ्या लग्नाच्या मांडवापर्यंत त्यांनी प्रत्येकाशी हुज्जत घातलेली आहे. म्हणून दिवाळीनंतरच्या एका सकाळी गुलमंडीतल्या त्यांच्या ठरलेल्या दुकानात त्यांनी अंजिरी रंगाचं इरकल लुगडं उचललं, किंमत ऐकली आणि मुकाट्याने खिशात हात घातला, तेव्हा गादीवरचे हाजीसाहेब चमकले. दोघांची चाळीस वर्षांची ओळख. बाबांनी भाव पाडायचा, हाजीसाहेबांनी कपाळाला हात लावायचा, मग चहा यायचा. त्या दिवशी चहा आला नाही. हाजीसाहेबांनी नुसतं विचारलं की कोणासाठी, आणि बाबा म्हणाले, बहिणीसाठी. आमच्याकडे अखेरच्या वस्त्राचा भाव करत नाहीत, हे हाजीसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी लुगड्याची घडी स्वतः घातली. एरवी ते कुणालाही "फिर आना" म्हटल्याशिवाय उठू देत नाहीत. आम्हाला म्हणाले नाहीत.

बहीण जिवंत होती, ही यातली अवघड गोष्ट. कौसाआत्या, बाबांची थोरली बहीण, अकोटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी धामणखेडला राहते. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता छातीत पाणी होतं म्हणून अंथरूण धरलेलं. तिने स्वतःच फोन केला होता. बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं, ही आमच्याकडची रीत. तिने बाबांना सांगितलं, "भाऊ, लुगडं घेऊन ये. मी हाये तवर ये. मागून येऊन उपयोग नाय."

माझ्या भावजयीला हे अजिबात पटलं नाही. जित्या माणसाला असलं वस्त्र कोण नेतं, असं ती दिवसभर भांड्यांवर राग काढत म्हणत होती. तिचं चुकत नव्हतं. पण आत्याला घाई का झाली होती, ते समजायला आमच्या घराचं मनमाड समजावं लागतं.

मनमाड

या गावी आम्ही या प्रवासात गेलोच नाही, तरी सुरुवात तिथूनच होते.

आमचं मूळ गाव करमाड. जालन्याच्या वाटेवरचं, आणि शेत रुळाला लागून. त्या काळी हा रूळ मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत मीटरभर अंतर. लोक त्याला छोटी लाईन म्हणत. मनमाडला छोटी लाईन संपायची आणि मुंबईकडे जाणारी मोठी लाईन लागायची, साडेपाच फुटी. छोट्या लाईनीची गाडी मोठ्या लाईनीवर चढू शकत नाही. त्यामुळे मनमाडला सगळ्यांनी बोचकी घेऊन उतरायचं, पलीकडच्या फलाटावर जायचं, आणि मोठी गाडी असली तर बसायचं.

आजोबांच्या बहिणीला नाशिककडे दिलेलं होतं. ती वारल्याचा निरोप आला तसे आजोबा लुगडं काखेत मारून निघाले. छोटी गाडी उशिरा पोचली, मोठी निघून गेलेली. मोठ्या गाडीला छोट्या गाडीची काय पर्वा. आजोबा पोचले तेव्हा राख सावडत होते. बहीण सासरच्या लुगड्यात गेली. आणलेलं लुगडं त्यांनी गोदावरीत सोडलं आणि घरी येऊन एक नियम केला: "लाईन बदलंल तिथं लेक द्यायची नाय."

तेव्हापासून आमच्या घरात हातचं निसटलं, वेळ निघून गेली, की म्हणतात, मनमाड झालं. परीक्षेला उशीर झाला, मनमाड. दूध उतू गेलं, मनमाड. मी लहानपणी समजत होते की हा सगळ्या मराठीतलाच शब्द आहे.

कौसाआत्याला नाशिकचं द्राक्षबागाईतदार स्थळ सांगून आलं होतं. आजोबांनी ते मोडलं आणि तिला दुप्पट लांब, जंगलाच्या तोंडाशी दिलं. का, तर करमाडपासून परभणी, पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला आणि पार धामणखेडपर्यंत छोटीच लाईन होती. पूर्णेला गाडी बदलावी लागायची, पण ते आजोबांच्या हिशेबी बदलणं नव्हतं. रूळ तोच होता. आत्याची गाडी सुटली की आजोबा फलाटाच्या टोकाला उतरून रुळावर तळवा ठेवायचे. रूळ थरथरायचा थांबेपर्यंत ठेवायचे. हे लोखंड इथून लेकीच्या दारापर्यंत गेलंय, मधी कुठं तुटत नाय, असं ते बाबांना सांगत. बाबाही मग शेजारी आपला छोटा पंजा ठेवत.

मी शाळेत असताना आमची लाईन मोठी झाली. स्टेशनात हलगी वाजली, पेढे वाटले. आता मुंबईला थेट गाडी, म्हणून आम्ही पोरं नाचलो. त्या वर्षी आत्या माहेरपणाला आली तेव्हा तिला प्रथमच लाईन बदलावी लागली. पुढे माझ्या लग्नाच्या सुमारास अकोल्यापर्यंतची लाईन मोठी झाली, पुन्हा पेढे. आणि मग कधीतरी अकोल्याच्या पुढची छोटी गाडी बंदच झाली. काम सुरू होतं म्हणे. होईल, होईल म्हणता म्हणता अकोटपर्यंत मोठी लाईन आली. त्यापुढची जंगलाला वळसा घालून दुसरीकडून न्यायचं ठरलं. वाघांचा रस्ता मोडू नये म्हणून. योग्यच आहे ते, मी त्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण त्या वळशात धामणखेड सुटलं.

पूर्णा

माझा धाकटा भाऊ विनोद वाळूजला कारखान्यात आहे. त्याने रजा टाकून गाडी काढायची तयारी दाखवली. सिल्लोडवरून सहा तासांत पोचवतो म्हणाला. बाबांनी ऐकलं नाही.

"रुळानं गेली ती. रुळानंच जायचं."

विनोद चिडला. गुडघे दुखतात, वय शहात्तर, आणि हट्ट बघा, असं मला बाजूला घेऊन म्हणाला. शेवटी बाबांबरोबर मी निघाले. लुगडं त्यांनी पिशवीत ठेवू दिलं नाही. उशीच्या अभ्र्यात घालून मांडीवर घेऊन बसले.

जालना, परतूर, सेलू. कापूस फुटलेला होता. मानवतच्या अलीकडे पाखरांचा एक थवा गाडीबरोबर बराच वेळ उडत आला. पूर्णेला उतरलो तेव्हा बाबा फलाटावर नुसतेच इकडेतिकडे बघत उभे राहिले. इथे एके काळी छोट्या गाड्यांची रांग लागायची, वाफेच्या इंजिनांनी डोळ्यांत कोळशाची कणी जायची, आणि आत्या पदराचं टोक तोंडाने गरम करून ती काढून द्यायची, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी पलीकडच्या रुळाकडे बोट दाखवलं. "बघ, आता इथून अकोटपर्यंत पुन्हा एकच लाईन झाली की." हे मला तोवर सुचलंच नव्हतं. करमाडपासून अकोटपर्यंत आता पुन्हा एकच लोखंड होतं, फक्त मोठं. आजोबांचा नियम शेवटचा तुकडा सोडून पुन्हा लागू झाला होता.

अकोल्याच्या गाडीत वसमतला हळदीचा वास चढला. हळद बाजारात घातलेली माणसं होती, त्यांच्या कपड्यांतच तो भरलेला. आमच्यासमोर एक चाळिशीची बाई बसली. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तिला दिली, तिने तिच्याकडचं दही वाढलं. आमच्याकडे धपाट्यात कांदा घालत नाहीत, त्यावरून तिने मला थोडं ऐकवलं. कुठे निघालात विचारल्यावर बाबा म्हणाले, बहिणीला लुगडं न्यायचंय. ती एकदम हळवी झाली. या वयात भाऊ लुगडं घेऊन येतो म्हणजे नशीबवान बहीण, म्हणाली. आणि पिशवीतून चार हळकुंडं काढून बाबांच्या हातावर ठेवली, माझ्याकडून ओटीत घाला म्हणून. आत्या विधवा आहे आणि लुगडं कसलं आहे, हे बाबांनी तिला सांगितलं नाही. मीही नाही. हळकुंडं त्यांनी अभ्र्यात लुगड्याच्या घडीत ठेवली.

अकोला

वाशीमच्या पुढे गाडी माळावर उभी राहिली. का, ते कुणालाच कळलं नाही. लोक उतरून बाभळीखाली बसले, एकाने तंबाखू मळली, पोरांनी खडे मारायचा खेळ मांडला. बाबा मात्र खिडकीतून हलले नाहीत. त्यांचा हात अभ्र्यावर होता आणि बोटं सारखी शिवण चाचपत होती. सिग्नल मिळेल, आत्ता मिळेल, असं मी म्हणत राहिले.

अकोल्याला उतरलो तेव्हा अकोटची गाडी गेलेली होती. दुसरी सरळ दुसऱ्या दिवशी. बाबा फलाटावरच्या बाकावर बसले. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरलं, प्यायले नाहीत.

"मनमाड झालं," ते म्हणाले.

मी रागावले. अहो बाबा, ती जिवंत आहे, सकाळीच सुधाकरशी बोललोय आपण, बस आहे, रिक्षा आहे, मनमाड कसलं. सुधाकर म्हणजे आत्याचा मुलगा. मी त्याला तिथूनच फोन लावला आणि फोन बाबांच्या कानाला धरला. "मामा, या तुम्ही आरामात. माय वाट पाहून रायली," असं तो म्हणाला, ते मला बाजूला उभं राहूनही ऐकू आलं. बाबा मग पाणी प्यायले. पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. त्यांच्या वडिलांना ज्या भीतीने आयुष्यभर छळलं, ती त्या बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसलेली होती, आणि मला तिला उठवता येईना.

एसटीने अकोटला गेलो. स्टँडवर आलूबोंडा आणि त्यावर लालभडक तर्री. आपल्याकडच्या वड्याला हे लोक हसतील इतका जाळ. बाबांनी एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी तिखटाच्या नावावर खपवलं. तिथून एका संत्र्याच्या टेम्पोत पुढे बसून धामणखेड. संत्र्याच्या बागा मागे पडल्या, समोर सातपुडा निळा दिसायला लागला.

धामणखेड

आत्या ओसरीवर खाटेवर टेकून बसली होती. पाय सुजलेले, चेहरा एवढासा. बाबा दिसताच तिने पहिलं काय म्हणावं?

"कावून रे भाऊ, एवढा वाळला तू?"

जवळपास सत्तर वर्षांत तिची बोली पुरती वऱ्हाडी झाली आहे, मध्येच एखादा आपला शब्द निघतो. बाबा तिच्या पायाशी बसले. मग त्यांनी अभ्रा उघडून लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने पदर उलगडला, काठ बोटांत चुरून पाहिला, नाकाशी नेला. हळकुंडं घरंगळून खाली पडली. ती गाडीतल्या बाईने दिल्याचं कळल्यावर आत्या हसली, दम लागेपर्यंत हसली. या वयात मला पुन्हा उजवायला निघालास व्हय, असं बाबांना म्हणाली. पण हळकुंडं तिने परत दिली नाहीत, उशाशी ठेवून घेतली.

रात्री सुनेने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला. जेवताना आत्या करमाडचं एकेक विचारत होती. चिंचेचं झाड आहे का, विहिरीला पाणी कसं आहे. विहीर बुजवून तिथे गोदाम झालंय, हे बाबांनी सांगितलं नाही. पाणी बरं आहे म्हणाले. मग बाबा जे बोलायचं होतं ते बोलले: चल, विनोदची गाडी बोलावतो, करमाडला घेऊन जातो. आत्याने सुधाकरकडे बघितलं. सुधाकर खाली बघत होता. दवाखान्यात नेतानाच तिचा जीव वर-खाली होतो, ती एवढं अंतर काढणार नाही, हे त्याने आम्हाला आधीच अंगणात सांगितलं होतं. आत्याने बाबांचा हात थोपटला आणि विषय बदलला.

सकाळी मी तोंड धुऊन येते तो आत्या सुनेला म्हणत होती की ते लुगडं नेसव मला. सून घाबरली, माझ्याकडे बघायला लागली. आत्याच बोलली.

"मेल्यावर नेसवलेलं मले काय दिसणार हाये? माहेरचं लुगडं हाये, आत्ता नेसते. मग धुऊन ठेवा."

आम्ही दोघींनी मिळून तिला नेसवलं. उभं राहताना ती माझ्या खांद्यावर कपाळ टेकून श्वास घेत होती. अंजिरी रंग तिला इतका शोभला की मला तिथेच रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तिने केस विंचरून घेतले आणि सुधाकरला म्हणाली, आता मले ठेसनावर ने. माहेरचं लुगडं नेसलं की ती नेहमी स्टेशनावरच जायची, येताना किंवा जाताना.

स्टेशन घराच्या मागेच. सुधाकरने आणि शेजारच्या एकाने तिला खुर्चीसकट उचललं. बाबा काठी टेकत मागून. तिथे आता फलाटाचा कट्टा उरलाय, आणि नावाची दगडी पाटी, तीही अर्धी पुसलेली. रूळ उचलून नेलेत. खडी तेवढी आहे, तीत तरोटा माजलेला, शेळ्या चरत होत्या. रस्ता कसा जात असेल ते फक्त झाडांच्या दोन रांगांवरून कळतं. त्या रांगा लांब जंगलात शिरतात आणि एकमेकींना मिळतात.

आत्याची खुर्ची फलाटावर ठेवली. दोघं भावंडं बराच वेळ गाडी यायची असल्यासारखी एकाच दिशेला बघत बसली. मग बाबा उठले. मला हात देऊ दिला नाही. कट्ट्यावरून बसत-घसरत खाली खडीत उतरले, एक गुडघा टेकला, आणि तळवा खाली ठेवला.

आत्या वरून बघत होती.

"तिथं नाय, भाऊ," ती म्हणाली. एवढं वाक्य ती पुरतं आमच्याकडचं बोलली. "रूळ अलीकडं होता. इकडं घे."

बाबांनी हात वीतभर अलीकडे घेतला.

"हां. तिथं."

त्यांनी हात तसाच ठेवला. आत्याने डोळे मिटून घेतले होते. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. लुगडं दोरीवर वाळत होतं. आत्या बाबांना म्हणाली, आता दुसरं आणू नको, हेच पुरे.

सिल्लोड

परत आल्यावर मी हे सगळं लिहायला घेतलं ते तिथवरच थांबवायचं म्हणून. पण तीन-चार आठवड्यांनी पहाटे सुधाकरचा फोन आला.

या वेळी बाबा सरळ विनोदच्या गाडीत बसले. रुळाचं नाव काढलं नाही. सहा तास म्हणून निघालो आणि सिल्लोडलाच अडकलो. मका आणि कापसाच्या ट्रॅक्टरांची मार्केटपर्यंत रांग, त्यात एक उलटलेला, रस्ताभर मका सांडलेला. माणसं टोपल्यांनी भरत होती, कुणी कुणाला पुढे जाऊ देत नव्हतं. विनोद हॉर्न वाजवून वाजवून शेवटी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, राहू दे रे, असंच असतं. बुलढाण्याचा घाट चढलो तेव्हा उन्हं उतरायला लागलेली होती. दिवस लहान झालेले, आणि दिवस मावळायच्या आत न्यायचं अशी तिकडची रीत. सुधाकरने एकदा फोन करून विचारलं, थांबू का मामा. बाबांनी सांगितलं, थांबू नका, तिचे हाल करू नका.

पोचलो तेव्हा अंगणात पाणी मारलेलं होतं आणि माणसं आंघोळी करून परतत होती. सुधाकर ओल्या कपड्यांनीच पुढे आला. बाबा गाडीतून उतरले, दार धरून उभे राहिले आणि एकच शब्द विचारला.

"लुगडं?"

"नेसवलं, मामा. तेच. हळकुंडंबी पदराले बांधली, मायनं सांगून ठेवलं होतं."

बाबांनी मान हलवली. दोनदा हलवली.

"मग मनमाड नाय झालं," ते म्हणाले, आणि दार सोडून सुधाकरच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले.